जुन्या वजनकाट्यासाठी घेतलेली यूएसबी-सिरियल केबल

आमच्या दुकानातील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा विंडोज एक्सपीवरच्या जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरला जोडलेला आहे; संगणकाचा मूळ सिरियल पोर्ट (अशी जुनी उपकरणे जोडण्याची ९ पिनांची जागा) निकामी झाल्यावर मी एफटीडीआय कंपनीची चिप असलेली यूएसबी-सिरियल केबल घेतली. एक्सपीला चालणारा जुना ड्रायव्हर विनातक्रार बसला, तरीही वजन पडद्यावर येईना. केबलच्या ९ पिनी टोकाच्या २ आणि ३ क्रमांकाच्या (माहिती घेणारी व पाठवणारी) पिना एकमेकींना जोडून हायपरटर्मिनल या एक्सपीतील पोर्ट तपासता येणाऱ्या प्रोग्राममध्ये टाइप केलेली अक्षरे परत आली, तेव्हा केबल निर्दोष असल्याची खात्री पटली. विंडोजने तिला कॉम ७ हा पोर्ट क्रमांक दिला होता आणि सॉफ्टवेअर कॉम ४ च्या पलीकडे पाहतच नव्हते. डिव्हाइस मॅनेजरमधील पोर्टच्या प्रगत सेटिंगमधून क्रमांक कॉम २ केला, सॉफ्टवेअरमधील माहिती पाठवण्याचा वेग काट्याप्रमाणे ९६०० बॉड ठेवला आणि वजन अचूक उमटू लागले. तेव्हापासून केबलने एकदाही दगा दिलेला नाही.

मात्र डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरील सॉफ्टवेअरसाठी ही केबल कृपया घेऊ नका; अशी बरीच सॉफ्टवेअर पोर्टच्या ३एफ८ यासारख्या ठरावीक हार्डवेअर पत्त्यावर थेट लिहितात, आणि यूएसबी केबलला तसा पत्ताच नसल्यामुळे तिथे संगणकातला खरा सिरियल पोर्टच लागतो.