हाडातून ऐकू येणारी ताई: सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिने रोज वापरून झाल्यावर लिहितेय, त्यामुळे खोकं उघडल्या दिवशीचा उत्साह यात सापडणार नाही. वस्तू आहे बोन कंडक्शन हेडफोन, म्हणजे कानात न जाता हाडातून आवाज पोचवणारा. आमच्या गल्लीत त्याला 'तुझं ते कानाबाहेरचं' म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुरुस्तीवरून त्यांचा माझा थोडा वाद झालाय, तो पुढं येईलच. आणि मला जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक वस्तूंना लागू पडतं.

मी साताऱ्यात राहते, वय ४७, पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. बसते हा शब्द महत्त्वाचा. गेल्या वर्षी भाचा सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळला तेव्हा मी रस्त्याकडेला पाण्याची बाटली घेऊन उभी होते. माझ्याहून वयानं मोठ्या, माझ्याहून जाड बायका हसत हसत पुढून गेल्या. बाटली त्यांना द्यायची सोडून मीच प्यायले आणि ठरवलं, पुढच्या वर्षी आपण. २१ किलोमीटरचा पल्ला आहे, निम्मा यवतेश्वरच्या घाटानं वर आणि निम्मा त्याच वाटेनं खाली. मी काही पळणारी नव्हे. चढाला भराभर चालते, उताराला दुडक्या चालीनं सुटते. पण सप्टेंबरात ते पुरं करायचंय.

माझी ताई सांगलीला असते, वय ५६. तिला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी रोज ४५ मिनिटं चालायला सांगितलं. तिला चालायचा मनस्वी कंटाळा. मी काय केलं, तर रोज रात्री तिला माझ्या पावलांचा आकडा पाठवायला लागले. माझे अकरा हजार, तिचे चौदाशे. चौथ्या दिवशी तिनं फोन उचलायचा बंद केला. दाजींनी कळवलं, "तुझ्या आकड्यांनी तिची शुगर वाढतीय."

मग पुस्तकाची युक्ती सुचली, तीही तिलाच. ती निवृत्त मराठीची शिक्षिका, वाचून दाखवायची हौस दांडगी. म्हणाली, मी रोज थोडं वाचून आवाज भरून पाठवते, तू चालताना ऐक. एक दिवस मी, एक दिवस तू. अट एकच: ऐकायचं ते चालतानाच, घरात बसून नाही.

पहिलं पुस्तक निवडलं विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी: पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरातलं कर्ज फेडायला चार पैसे मिळतील म्हणून काकांबरोबर उत्तरेकडं निघाले आणि नेमके १८५७ च्या बंडात सापडले. परत आले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. लिहिलं नंतर, आणि छापून आलं १९०७ साली. चालणाऱ्या दोन बायकांना यापेक्षा योग्य सोबती कोण मिळणार? ते इंदूरकडं निघालेत आणि मी अजून समर्थ मंदिरापाशी धापा टाकतेय, अशी रोज तुलना व्हायची.

आता वस्तूकडं येते.

माझ्याकडं आधी कानात खुपसायचे छोटे इअरबड होते. घाटात ते घालून चालणं म्हणजे आत्महत्येची तयारी. कासला जाणाऱ्या गाड्या वळणावर हॉर्न देतात तो ऐकू आला नाही तर संपलंच. एकदा माझ्या मागून माकड आलं, पिशवीला हात घालेपर्यंत मला पत्ता नाही. हे नवीन यंत्र कानात जातच नाही. कानाच्या पुढं, गालाच्या हाडावर त्याच्या दोन चपट्या वड्या टेकतात, मागून मानेवरून एक पट्टी जाते. वड्या थरथरतात, ती थरथर हाडातून थेट आतल्या कानात पोचते, पडदा मध्ये येतच नाही. कान मोकळे. पाखरं, कुत्री, मागची एसटी, सगळं ऐकू येतं आणि त्यात ताईही ऐकू येते.

पहिल्या दिवशी विचित्र वाटलं. ताई माझ्या डोक्यात बसून बोलतेय असं. लहानपणी तसंच वाटायचं म्हणा.

किंमत साडेचार हजार. वजन हातात घेतल्यावर लागत नाही इतकं. बॅटरी आठ तास लिहिलीय, सात भरतात. रोजच्या तासाभराला आठवडा निघतो. घामाला, भुरभुर पावसाला काही झालं नाही. पण साताऱ्याचा जुलै म्हणजे भुरभुर नव्हे. जर्किनची टोपी डोक्यावर घेतली की ती मागची पट्टी पुढं ढकलते, वड्या हाडावरून सरकतात आणि भटजींचा आवाज झाशीहून एकदम विहिरीत गेल्यासारखा होतो. यावर उपाय मला एकच सापडला: टोपी न घालणं. भिजते.

बायकांसाठी मुद्दाम लिहिते, कारण विकत घेण्याआधी जेवढं वाचलं ते सगळं पुरुषांनी लिहिलेलं होतं. मानेवरचा अंबाडा असेल तर ही पट्टी बसत नाही. वर बांधावा लागतो किंवा वेणी पट्टीखालून काढावी लागते. शिवाय मला चष्मा. कानावर आधी चष्म्याची काडी, त्यावर हेडफोनचा आकडा, जानेवारीत त्यावर कानटोपी, असे तीन मजले. क्रम चुकला तर चष्मा काढताना हेडफोन उडतो. माझा क्रम असा बसलाय: हेडफोन आधी, चष्मा वरून, मग बाकी सगळं. कानामागं पहिले पंधरा दिवस दुखलं, नंतर सवय झाली. कानातले झुबे असतील तर वडीवर आपटून टक टक वाजतात. मी आता साधे टॉप्स घालते.

आवाजाबद्दल स्पष्ट बोलते. गाण्यांसाठी घेणार असाल तर पैसे वाया घालवू नका. तबला डबा वाजवल्यासारखा येतो, खर्ज जवळजवळ नाहीच. आवाज पूर्ण वाढवला की गालाला मुंग्या येतात. पोवई नाक्यावर सकाळी नऊनंतर तर काहीच कळत नाही, कान उघडे असल्यामुळे बाहेरचा गोंगाट जिंकतो. घाटात ट्रक गेला की चार वाक्यं बुडतात, मागं घेऊन परत ऐकावी लागतात. कानात कापसाचा बोळा घातला तर आवाज एकदम मोठा होतो, हे खरं आहे, करून बघितलं. पण मग कान मोकळे ठेवण्याचा अर्थच उरला नाही. माणसाचं बोलणं मात्र सुरेख येतं. ताईच्या भरलेल्या आवाजात मागं कुकरच्या शिट्या, दाजींचं "अगं, माझा चष्मा कुठं ठेवलास?", तिचं वाचता वाचता "टीव्हीवर" हे उत्तर आणि लगेच पुढचं वाक्य, सगळं जसंच्या तसं.

आणि आवाज बाहेर सांडतो. पहाटेच्या शांततेत शेजारच्याला ऐकू जाईल इतका. साताऱ्यातल्या 'चार भिंती' या स्मारकापाशी बाकावर दम खात बसले होते, शेजारी एक आजोबा. थोड्या वेळानं म्हणाले, "पोथी लावलीय का बाई? जरा मोठ्यानं लावा." जुनी मराठी, ताईचा वर्गात शिकवायचा सूर, त्यांना पोथीच वाटली. मग फोनवरच लावलं आणि दोघांनी ऐकलं.

आता ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं ते. ताईच्या डाव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून भोक आहे. आम्ही घरात तिच्या उजव्या बाजूला बसून बोलतो, इतकं ते अंगवळणी पडलंय. कान अधूनमधून वाहतो, म्हणून कानात काही घालायला डॉक्टरांची बंदी. मी वाचलेलं भरून पाठवायची तेव्हा ती फोन हातात धरून, उजव्या कानाला लावून गच्चीवर फेऱ्या घालायची. हात दुखला की बसायची. मार्चमध्ये सांगलीला गेले तेव्हा माझा संच सहज तिच्या डोक्यावर चढवला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही. मग डाव्या वडीवर बोट ठेवून म्हणाली, "हा पण चालू आहे?"

नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की दोष पडद्यात असेल आणि आतला कान चांगला असेल तर हाडातून ऐकू येतं, तपासणीत ते कंपन करणारा काटा कानामागं टेकवून हेच बघतात. आतल्या नसेचाच दोष असेल तर याचा तसा उपयोग नाही. तेव्हा घरातल्या ज्येष्ठांना ऐकू कमी येतं म्हणून हे परस्पर आणून देऊ नका, हे श्रवणयंत्र नव्हे. आधी कान दाखवा. ताईच्या बाबतीत ते जमलं, इतकंच.

तिला त्याच आठवड्यात दुसरा संच घेतला. तेव्हापासून ती गच्ची सोडून बाहेर पडली. आयर्विन पुलापर्यंत जाऊन येते, हात मोकळे सोडून. पावलांचे आकडे आम्ही एकमेकींना अजूनही सांगत नाही. कुठपर्यंत ऐकलं ते सांगतो, त्यावरून कोण किती चाललं ते आपोआप कळतं.

मी एकदा लबाडी केली. इंग्रज फौज झाशीत शिरते तिथं ताईनं तोडलं होतं. पुढचा भाग सकाळी आला आणि त्या दिवशी पाऊस असा की दाराबाहेर पाय टाकवेना. भाकऱ्या थापता थापता ऐकला. भटजी जीव मुठीत धरून लपलेत आणि माझी भाकरी तव्यावर करपली. संध्याकाळी ताईचा फोन. "कुठपर्यंत?" सांगितलं. "आणि आज किती चाललीस?" मी गप्प. "मग भटजी आपोआप चालत आले का तुझ्याकडं?" दंड म्हणून दुसऱ्या दिवशी तोच भाग गेंडामाळाच्या बाजूनं चालत परत ऐकला. १८५७ मध्येच तिथं १७ जणांना इंग्रजांनी मारलं, काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी. वर्षानुवर्षं त्या बाजूनं भाजीला जातेय. थांबून स्मारक बघितलं ते त्या दिवशी.

दुरुस्तीचं गाऱ्हाणं. चार्जिंगची वायर हा या यंत्राचा नाजूक अवयव. ती नेहमीची वायर नाही, चुंबकानं चिकटणारी वेगळीच आहे, गावात कुठल्या मोबाईलच्या दुकानात मिळत नाही. माझी मे महिन्यात मेली. कंपनीला कळवलं तर म्हणाले संच पुण्याला पाठवा. वायर मेलीय, संच कशाला? नियम आहे. पाठवला. १९ दिवस गेले. परत आला तो संच ठणठणीत आणि सोबत तीच जुनी वायर, नीट गुंडाळून. पुन्हा तीन फोन, मग नवीन वायर आली, तीही अर्धे पैसे घेऊन. त्या १९ दिवसांत मी फोन जर्किनच्या वरच्या खिशात ठेवून, आवाज मोठा करून चालले. माझ्या चालण्याच्या वेगात काही फरक पडला नाही हे प्रामाणिकपणे सांगते. फरक पडला तो रस्त्यानं जाणाऱ्यांच्या तोंडावर.

एक बारीक गोष्ट. बटण एकच, एकदा दाबलं की थांबतं, दोनदा दाबलं की पुढच्या फाईलवर उडी. बोटं घामेजली की एकदाचं दोनदा होतं. ४१ मिनिटांचा भाग चालू असताना उडी बसली की जागा शोधायला रस्त्यात उभं राहावं लागतं. ताई आता दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाठवते आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला क्रमांक सांगते. "तुकडा तिसरा. शांत बसा." ते 'शांत बसा' तिच्या तोंडून आपोआप जातं.

शर्यतीच्या दिवशी हे लावणार नाही. रस्त्याकडेला ढोल असतात, पोरं ओरडून नावं घेतात, ते ऐकायचंय. गेल्या रविवारी मात्र पहिल्यांदा १६ किलोमीटर झाले, वर धुकं इतकं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, आणि भटजी कावड खांद्यावर घेऊन घराकडं निघाले होते. पुस्तक आता संपत आलं. पुढचं ठरलंय लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', त्यातली वाक्यं बोलल्यासारखी आहेत, या यंत्रातून छान येतील. ताईचं म्हणणं आहे की सुरुवातीचं वडिलांचं सोवळं तीच वाचणार, मला तो सूर जमायचा नाही.

पाचपैकी मी साडेतीन देईन, अर्धा वायरीपायी कापला. घेणार असाल तर वायर पहिल्याच दिवशी दुसरी मागवून ठेवा, आणि आम्ही आता करतो तसं तिला ओळखीचा दोरा बांधा, नाहीतर दाजींसारखं कोणीतरी ती जुन्या रेडिओची समजून भंगारात टाकतं.