‘पासिंग ताजं आहे’ या शब्दावर जुनी पिकअप घेतली, त्याची हकिगत

मागच्या आठवड्यात आमच्या वाडीतला एक पोरगा घरी आला. मोबाइलवर फोटो दाखवले. २०१५ ची पिकअप, पांढरी, नवा रंग मारलेली. म्हणाला, "दादा, पासिंग ताजं आहे, पुढच्या मार्चपर्यंत बघायचं नाही. घेऊ का?" पासिंग म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. त्याच्या आईने गळ्यातलं गहाण ठेवून लाखभर रुपये उभे केलेत. त्याला ओट्यावर बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितो. जुनी पिकअप घेणारा प्रत्येक जण हाच प्रश्न विचारतो, आणि दोन वर्षांपूर्वी मीही हाच विचारला होता.

आमचा टोमॅटो. माल नारायणगावच्या बाजारात जातो, कधी थेट वाशीला. २०२३ च्या जुलैत भाव चढले होते ते सगळ्यांना आठवत असेल, २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर गेले. आयुष्यात पहिल्यांदा हातात चार पैसे राहिले. आण्णा म्हणाले, भाड्याच्या गाडीवाल्याला किती दिवस देणार, आपलीच घे. नवी परवडत नव्हती. दिवाळीच्या आधी एका एजंटाच्या शेडवर २०१४ ची पिकअप बघितली. किंमत ४ लाख १० हजार.

कागद मी नीट तपासले होते, हे मुद्दाम सांगतो. आरसी बघितली, परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून बघितला. बोजा नाही, विमा चालू, पीयूसी चालू, चलन थकलेलं नाही. फिटनेस पुढच्या ऑक्टोबरपर्यंत. गाडी आठ वर्षांच्या आत असेल तर पासिंग दोन वर्षांनी येतं, आठच्या पुढे दरवर्षी. ही नऊ वर्षांची, म्हणजे दर वर्षी साहेबांपुढे उभी राहणारी. एजंट म्हणाला, "मालक, एकदाही नापास नाही. दुधाची गाडी आहे, एका हाताची." मी म्हटलं, आमच्या मिस्त्रीला दाखवून घेतो. आमचे मिस्त्री, चाचा, आळेफाट्याला, शेड तिथून सत्तर किलोमीटर. त्यावर तो काय बोलला ते शब्दाला शब्द लक्षात आहे. "महिन्यापूर्वी आरटीओच्या साहेबांनी बघून सही केलीय. तुमचा मिस्त्री साहेबांपेक्षा मोठा का?"

मला ते पटलं. साहेबांनी बघितलंय म्हटल्यावर आणखी कोणी काय बघायचं, असं वाटलं. माझे पैसे या एका वाक्यावर गेले.

गाडीला मागे स्प्रिंगचा एक पाटा जादा होता. तो त्याने स्वतःहून दाखवला, "माल बसतो, गाडी दबत नाही." मला ती चांगली गोष्ट वाटली. १०० रुपयांच्या बाँडवर ताबापावती झाली. त्यात एक ओळ होती, ‘गाडी पाहून, तपासून, पसंत करून जशी आहे तशी ताब्यात घेतली, पुढे कोणतीही तक्रार चालणार नाही.’ सगळ्याच पावत्यांत असते म्हणून सही केली. चार दिवसांनी गाडी दिली, ती संध्याकाळी साडेसातला, अंधारात.

दुसऱ्या दिवशी उजेडात चाकं बघितली तर पुढचे दोन्ही टायर रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेले. शेडवर बघितले तेव्हा चारही कंपनीच्या नक्षीचे होते, मी हात फिरवून बघितला होता. फोन केला तर एजंट म्हणाला, हेच होते. माझ्याकडे फोटो नव्हता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३११९ म्हणजे २०१९ चा एकतिसावा आठवडा. बघायच्या दिवशीच त्या आकड्यांचा फोटो काढून ठेवला असता तर त्याला तोंड उघडता आलं नसतं. मी बारा हजाराला दोन टायर टाकले आणि गप्प बसलो. तिथेच जागा व्हायला हवं होतं.

फेब्रुवारीत पंच्याहत्तर क्रेट भरून वाशीला निघालो होतो, पहाटे चारला. पंच्याहत्तर क्रेट म्हणजे दीड टन, गाडीच्या मापातलाच माल. माळशेज उतरताना ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची आणि मागून कोणीतरी ढकलत असल्यासारखी पुढे सरकायची. बोगद्याच्या पुढच्या वळणावर दोन्ही पाय ब्रेकवर होते. शेजारी धाकटा भाऊ झोपलेला. दुसऱ्या गिअरवर कशीबशी खाली आणली. टोकावड्याला चहाला थांबलो तर कप धरवत नव्हता.

चाचांनी कारण दाखवलं तेव्हा कळलं की माझं पासिंग ‘ताजं’ कसं होतं. पिकअपला मागच्या ॲक्सलवरून चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, एक बारीक दांडी जाते, तिच्या टोकाला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. माल भरला की चेसिस खाली बसते, दांडी हलते, आणि तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की मागे कमी दाब, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. माझ्या गाडीत जादा पाटा. दीड टन भरला तरी चेसिस हवी तेवढी खाली बसेना. व्हॉल्व्हला वाटत होतं गाडी अर्धी रिकामी आहे. चाचा म्हणाले, "बेटा, पासिंगला गाडी खाली, म्हणजे रिकामी जाते. खाली गाडीला हा ब्रेक बरोबर लागतो." मी ट्रॅकवर उभा नव्हतो, पण तसंच झालं असणार. रिकामी गाडी, चांगले टायर, सरळ रस्ता.

जादा पाटा काढला, व्हील सिलिंडर बदलले, व्हॉल्व्हची दांडी बसवून घेतली. अकरा हजार. चेसिसला काळाकुट्ट रंग मारलेला होता. चाचा म्हणाले, गंज लागू नये म्हणून मारतात बऱ्याच गाड्यांना. त्या दिवशी त्यांनीही खरवडून बघितला नाही, मीही म्हटलं नाही.

ऑक्टोबर २०२४ ला पासिंग आलं. या वेळी एजंट न लावता स्वतः गेलो. धुतली, रिफ्लेक्टर नवे लावले, पुढे पांढरे, बाजूला पिवळे, मागे लाल. हॉर्न, वायपर, इंडिकेटर, स्टेपनी, सगळं बघून घेतलं. आता २५० मीटरच्या ट्रॅकवर गाडी पळवून ब्रेक मारायला लावतात. आधी कितीतरी ठिकाणी असा ट्रॅकच नव्हता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ट्रॅक नसेल तिथे पासिंग करू नका असा आदेश झाला, तेव्हा ते झाले. ब्रेक नीट लागला. मला वाटलं झालं. मग इन्स्पेक्टर साहेब टॉर्च घेऊन मागच्या चाकाजवळ गुडघ्यावर बसले. तरुण होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला वाकायला लावलं.

डाव्या बाजूला, पाटा ज्याला अडकवतात तो पुढचा हँगर जिथे चेसिसला बसतो, तिथे काळ्या रंगाला एक केसाएवढी रेघ होती, गेरूच्या रंगाची. त्यांनी खिशातलं नाणं काढून तिथे घासलं. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली लांबी, म्हणजे भरायची पुट्टी, आणि लांबीखाली वेल्डिंगचा उंचवटा, ग्राइंडरने सपाट केलेला. वरून एक पट्टी चिकटवलेली. रेघ वेल्डिंगवर नव्हती, वेल्डिंगच्या अगदी कडेला होती, वितीएवढी लांब. साहेब म्हणाले, "चेसिस कधी जोडलीत?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मग तुम्हाला ज्याने विकली त्याला माहीत आहे." वेल्डिंगच्या आचेने कडेचं लोखंड कडक होतं आणि पुढची चीर तिथूनच फुटते, हे त्यांनीच समजावलं. माल भरून घाटात ही जागा उघडली असती तर मागचा ॲक्सल वाकडा होऊन गाडी हातातून गेली असती. नापास केलं. राग नाही आला मला त्यांचा. माझा भाऊ त्या गाडीत झोपायचा.

आरसीवर मूळ मालकाचं नाव-गाव होतं. भीमेच्या काठचं गाव. तिथे गेलो, भांडायच्याच तयारीने. मालक साठीतला माणूस, त्याने पाणी दिलं आणि सरळ सांगितलं. गाडी दुधाची कधीच नव्हती, खडी-क्रशवर होती. दीड टनाच्या गाडीत तीन-तीन टन घालायचे. चीर पडली तेव्हा सहा-सात महिने उभी ठेवली, पासिंगही संपलं, आणि चिरेसकट एजंटाला विकली, अडीच लाखाला. "मी त्याला चीर हाताने दाखवली होती, भाऊ. पोरांची शपथ." एजंटाने महिनाभरात वेल्डिंग, लांबी, रंग, टायर आणि पासिंग उरकून वर एक लाख साठ हजार चढवले.

मी त्यांना विचारलं, आधी दर वेळी पास कशी व्हायची? त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं. आदल्या दिवशी दुसऱ्या गाडीचे चार टायर चढवायचे, हौदा धुवायचा, बल्ब बघायचे, सकाळी नेऊन आणायची. संध्याकाळी टायर परत त्या गाडीला. म्हणजे ‘एकदाही नापास नाही’ हेही खरंच होतं. सर्टिफिकेट खरं, सही खरी, ॲपवरची तारीख खरी. एजंटाने एकही कागद खोटा दिला नाही, म्हणून तर तो निवांत होता.

घरी येऊन हौद्याच्या पत्र्याची एक पट्टी उचलली. सांध्यात करड्या रंगाची कच, बोटाने दाबली तर दगडासारखी घट्ट. फाळक्याच्या बिजागऱ्यांतही तीच. दुधाच्या गाडीत ती येत नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटं वाकलो असतो तर मलाही दिसली असती.

पोलिसांत गेलो. त्यांनी ताबापावती वाचली आणि म्हणाले, जशी आहे तशी घेतली असं लिहून दिलंय तुम्ही, दिवाणीत जा. वकील भला भेटला. तो म्हणाला ग्राहक आयोगात जाऊ. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही असं बरेच जण सांगतात, पण स्वतःच्या पोटासाठी, स्वतः चालवायला घेतलेली वस्तू त्यात येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मूळ मालक लेखी द्यायला तयार झाला, त्याचे माझ्यावर उपकार आहेत. तारखा चालू आहेत. गाडी गोठ्याशेजारी उभी आहे, चेसिस बदलायचा आकडा चाचांनी एक लाख चाळीस हजार सांगितला. पासिंग नसलेली गाडी कायद्याने नोंदणी झालेली मानली जात नाही, म्हणून बांधावरून बाजारापर्यंतही मी ती काढत नाही. टोमॅटो पुन्हा भाड्याच्या गाडीतून जातो.

पोरग्याला म्हटलं, पासिंगची तारीख बघूच नको असं नाही, बघ. पण ती एका सकाळची गोष्ट आहे, रिकाम्या गाडीची. आता मशीनची तपासणी केंद्रं येताहेत, रोलरवर ब्रेकचा आकडा निघतो, ते चांगलंच आहे. पण चेसिसवरचा रंग मशीन खरवडत नाही. गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घे, खालून बघायला. नऊ-दहा वर्षांच्या गाडीची चेसिस नवी काळी दिसली तर तिथेच थांब आणि खरवडायला परवानगी माग. पाट्याचे चारही हँगर, केबिनच्या मागे हौदा जिथे सुरू होतो ती जागा, आणि चेसिस नंबरच्या आसपास, एवढं तरी बघच. पाटे दोन्ही बाजूंचे मोज. आरसीवरच्या मालकाला फोन नाही, घरी जाऊन भेट, आणि गाडी कशाला लावली होती ते त्याच्या ड्रायव्हरला विचार. माल भरून चालवून बघू दे म्हणावं, शेजाऱ्याच्या दहा पोत्यांवर का होईना. ताबापावतीत ‘चेसिसला वेल्डिंग नाही, अपघात नाही’ असं विकणाऱ्याच्या हातचं लिहून घे. लिहीत नसेल तर उठ.

रविवारी सकाळी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. चाचांना सांगून ठेवलंय, खड्डा मोकळा ठेवतील. टॉर्च, तारेचा ब्रश आणि पाना पिशवीत टाकलाय. एजंटाला काल संध्याकाळी फोन केला, गाडी आळेफाट्याला आणा म्हणून. बघतो म्हणाला, अजून हो म्हटलेलं नाही.