दारव्ह्यातलं चेन-पॉकेटचं दुकान, दुधाच्या गाडीवरून पाहिलेलं

रोज सकाळी ६० लिटर दूध दोन कॅनमध्ये मोटरसायकलला लटकवून मी गावातून दारव्ह्याला येतो. येणं-जाणं २२ किलोमीटर, त्यातले चार पांदणीचे, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेचे. आमची काळी माती माहीत असलेल्यांना पुढचं सांगायची गरज नाही. पावसाळ्यात तो चिखल चेनीच्या तेलात कालवला जातो आणि त्याची जी पेस्ट होते, ती कानशीसारखी चेन खाते.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका गावी नुसती चेन बदलून घेतली होती, ती ज्यांवर फिरते त्या दातेरी चकऱ्या नाही. दुकानाचं नाव घेत नाही, कारण 'चकऱ्या राहू दे जुन्याच' असं मीच म्हटलं होतं. तीन महिने चालली. मग श्रावणात पांदणीतच चेन उतरली, गाडी आडवी आणि एक कॅन पूर्ण मातीत. ३० लिटर. बायकोनं दोन दिवस माझ्याशी दुधाचा विषय काढला नाही, त्यावरून काय ते समजा.

तेव्हापासून मी मोतीबाग स्टेशनाच्या बाजूच्या या मिस्तरीकडे जातो. शकुंतला रेल्वे धावायची तेव्हाची ही जागा. आता रूळ गवतात आणि शेजारी हे पत्र्याचं दुकान. बोर्ड नाही. बाहेर टांगलेल्या जुन्या चेनींची माळ दिसली की समजायचं. (चकरीला स्प्रॉकेट हा शब्द आमच्याकडे कोणीच वापरत नाही. पॉकेट म्हणा, मिस्तरी लगेच डबा काढतो.)

मी म्हटलं, चेन ताणली आहे, जरा खेचून द्या. मिस्तरी हसला. "चेन काय रबर हाय का भाऊ, तानाले?" पोलादाची पट्टी ताणत नाही. झिजते ती पिन आणि तिच्याभोवतीची बुश, म्हणजे बारीक नळी, आणि ती झीज जोडाजोडाला साचून चेन लांब होते. मग त्यानं स्टीलची पट्टी काढली आणि एकवीस पिना मोजल्या, पहिल्या पिनीच्या मधापासून एकविसावीच्या मधापर्यंत. नव्या चेनीत हे अंतर बरोबर १० इंच, म्हणजे २५४ मिलिमीटर भरतं. माझ्या चेनीत २६० भरलं. एका जोडामागे पाव मिलिमीटरपेक्षा जरा जास्त झीज, बस्स. पण तेवढ्यानं चेन दातांच्या बुडाशी न बसता वर चढायला लागते. मोठी चकरी दाखवली तर दात विळ्यासारखे एका बाजूला वाकलेले. अशा चकरीवर नवी चेन टाकली तर ती चकरी नव्या चेनीलाही खाते. माझी गेल्या वर्षीची चूक तीच.

म्हणून हा माणूस सुटी चेन विकतच नाही. घ्यायचं तर तिन्ही घ्या: चेन, पुढची चकरी, मागची चकरी. मला ११५० रुपये लागले, मजुरीचे १५० वेगळे. बाजारात शंभर-दीडशेनं स्वस्त मिळतं, तरी मी घेतलं.

मी एक शहाणपण करून पाहिलं. पुढे १४ ऐवजी १५ दातांची चकरी बसवा, ॲव्हरेज वाढेल. तो म्हणाला, कॅन घरी ठेवून येणार असाल तर बसवतो. पुढे १४, मागे ४२, म्हणजे पुढची चकरी तीनदा फिरते तेव्हा चाक एकदा. वेग तिप्पट कमी आणि जोर तिप्पट. एक दात वाढला की तो जोर २.८ वर येतो, आणि नाल्याच्या चढावर भरल्या कॅननं पहिला गिअर सोडता येत नाही. गप्प बसलो.

सगळ्यात आवडलं ते ढील ठेवणं. चाक हळू फिरवत तो चेन सगळ्यात घट्ट कुठे होते ते शोधतो आणि तिथेच ढील धरतो. मला गाडीवर बसवलं, मागे वजन टाकलं आणि पुन्हा बोटानं चेन वर-खाली करून पाहिली. कॅन भरले की शॉकॲब्सॉर्बर दबतो आणि चेन अजून ताणली जाते. रिकाम्या गाडीवर घट्ट केलेली चेन तेव्हा बेअरिंगचा जीव घेते. चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची क्लिप लावताना बंद बाजू चेन धावते त्या दिशेला, हे त्यानं मला दोनदा दाखवलं. उलटी लावली तर खडा लागून निघू शकते.

लेक आयटीआयला आहे. ती सांगते की असली रोलर चेन १८८० साली हान्स रेनॉल्डनं मँचेस्टरात काढली. रोलर दाताला घासत नाही, त्याच्यावरून फिरतो, म्हणून झीज कमी. मिस्तरीला हे सांगितलं तर म्हणाला, "मंग त्यायच्याकडं पांदण नसंन."

तक्रारी आहेत. पक्कं बिल मागितलं की पेन सापडत नाही. हात धुवायला साबण नाही, घासलेटचा डबा आहे. दर ५०० किलोमीटरला चेन पुसून ९० नंबरचं तेल लाव असं सांगतो, पण ते तेल स्वतः ठेवत नाही; त्यासाठी बाजारात चक्कर. पाच चांदण्यांतली एक त्यापायी कापली.

आठ महिने झाले. परवा पट्टी लावून पाहिली, २५५ भरलं.

सकाळी नऊच्या आत गेलात तर पहिला नंबर लागतो. पेरणीच्या आठवड्यात जाऊ नका, शटरला कुलूप असतं. मिस्तरी तेव्हा स्वतःच्या सोयाबीनच्या पेरणी यंत्राची चेन लावत असतो.