उघड्यावरचे आठ महिने: १/३५ मापाच्या ‘असल उत्तर’ डायोरामाचे फोटो

गेल्या ऑक्टोबरपासून या मेपर्यंत मी एकच डायोरामा, म्हणजे मॉडेल्सचा छोटा देखावा, वीसेक वेळा उघड्यावर नेला आणि त्याचे फोटो काढले. १/३५ माप म्हणजे त्यात सगळं खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. सामग्री फारशी नव्हती: सेकंडहँड मिररलेस कॅमेरा, त्याची १८-५५ची लेन्स, रोजचा फोन, घडीचं टेबल आणि तांदूळ भरलेली कापडी पिशवी. महागड्या लाइट बॉक्सच्या विचारात असाल तर आधी हे वाचा.

विषय सप्टेंबर १९६५च्या भारत-पाक युद्धातला, पंजाबात खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईचा. पाणी भरलेलं शेत, चिखलात रुतलेला पाकिस्तानी पॅटन रणगाडा आणि उसाच्या आडोशाला १०६ मिमीची रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफ बसवलेली जीप. ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद अशाच जीपवरून पॅटन टिपत होते. १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. बेस ४० बाय ३० सेंमी, म्हणजे खऱ्या मापात १४ बाय साडेदहा मीटर. जीप आणि रणगाडा यांच्यातलं अंतर त्यात फारच आवळावं लागलं आणि ते मला सुरुवातीपासून खुपत होतं.

घरात टेबललॅम्पखाली फोटो काढले तेव्हा सगळं खेळण्यासारखं दिसलं. रंगकाम कमी पडलं असं वाटून मी चिखलाचे आणखी दोन हात दिले. खरा घोळ सावल्यांचा होता. ६० सेंमीवरचा लॅम्प या मापात २१ मीटरवर येतो. खांबावरच्या दिव्याखाली लढाई चालली असावी तशा सावल्या पंख्यासारख्या फाकतात. सूर्याची किरणं समांतर येतात आणि आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची, मग खाली खरा रणगाडा असो की १८ सेंमीचा. सावलीची कड किती धूसर व्हायची ते त्या कोनावर ठरतं, त्यामुळे लहान मापातही सावली बरोबर तशीच पडते. पहिल्याच सकाळी तोफेच्या नळीची सावली बुरुजावर पडलेली पाहिली आणि लॅम्प कपाटात गेला.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंमीवर, या मापात साडेचार सेंमीवर. कॅमेरा टेबलावरच तांदळाच्या पिशवीत रुतवला की बेसची जाडी वजा जाता लेन्स नेमकी तिथे येते. फोन असेल तर तो उलटा धरा, लेन्स खाली येते. कॅमेरा जीपच्या मागे ठेवून लेन्स १८ वर, म्हणजे सर्वात रुंद दृश्यावर, नेली तेव्हा जीप मोठी झाली आणि पॅटन मागे सरकला. जे अंतर मला बेसवर देता आलं नव्हतं, ते फोटोत मिळालं. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खऱ्या पॅटनपुढे उभं राहिल्यावर मान किती वर करावी लागते ते मी पाहिलं होतं. तो दरारा वरून काढलेल्या फोटोत कधीच येत नाही.

पार्श्वभूमीसाठी दौंड तालुक्यात मामांच्या शेतावर गेलो. साठेक मीटरवर उभा ऊस होता. तीन मीटरचा ऊस तिथून जेवढा दिसतो, तेवढाच बेसच्या मागचा ऊस खऱ्या मापात दिसायला हवा. त्यामुळे माझा कागदी ऊस आणि मामांचा ऊस एकाच रानातले वाटू लागले. फेब्रुवारीत गेलो तर ऊसतोड होऊन रान मोकळं झालेलं! मामा म्हणाले, “आधी सांगितलं असतंस तर दोन सऱ्या ठेवल्या असत्या.” मग उरलेले फोटो दूरच्या बाभळींवर भागवले.

कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) मी एफ ११ ते १६पेक्षा बारीक करत नाही, त्यानंतर चित्र मऊ पडतं. तेवढ्यावर सगळी खोली फोकसमध्ये येत नाही, आणि मागचं शेत फार धूसर झालं की माप लगेच उघडं पडतं. घरात चालणारी फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो एकत्र जोडणं) इथे साथ देत नाही, कारण तागाचं गवत दर फ्रेममध्ये हललेलं असतं. फोनचा सेन्सर लहान, त्यामुळे पुढचं-मागचं बरंच एकत्र स्पष्ट येतं. माझ्या आवडत्या दहा फोटोंतले सहा फोनचे आहेत. फक्त त्याचा आपोआप सुरू होणारा मॅक्रो बंद ठेवा आणि व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर.

पाण्याचं सुख वेगळंच. रेझिनच्या डबक्यात घरी ट्यूबलाइट दिसायची, शेतावर आभाळ आणि पॅटनचं धूड दिसलं. पोलरायझर फिल्टर लावून पाहिला, तर ते प्रतिबिंबच पुसलं गेलं. काढून ठेवला.

त्रासही आहे. उन्हात रंगकामाचं काहीच लपत नाही: डिकलखालची (चिकटवलेल्या चिन्हांखालची) रुपेरी हवा, मॅट वार्निश न पोचलेले कोपरे. न बसवलेलं पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) वाऱ्याने उडालं, एकदा रेडिओची एरियल मोडली. एक मिलिमीटरचा खडा इथे साडेतीन सेंमीचा होतो, म्हणून ब्लोअर आणि मऊ कुंचला बरोबर हवाच. बुरुजावर चढलेली मुंगी मला घरी येऊन स्क्रीनवर दिसली. दव पडलं असेल तर ते सुकल्यावरच बेस बाहेर काढायचा. मेच्या मध्याला आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कॅमेरा काढूच नये. सूर्योदयानंतरचा पाऊण तास मला सर्वात लाभला, त्यातही डिसेंबर-जानेवारीत.

बेसची मागची कड फोटोत सरळ रेघेसारखी यायची. आता तिथे वेगळा, काढता-घालता येणारा बांध केलाय, गवत लावलेला, दोन सेंमी उंच. आडसाली ऊस पुन्हा उभा राहिला की तो बांध घेऊन दौंडला जायचं आहे.