थेरपी सेंटर की घरीच थेरपी? मूल स्वतःला चावतं तेव्हा

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल चिडून स्वतःला चावायला लागलं की पालकांपुढे साधारण दोन वाटा असतात. आठवड्यातून दोन-तीनदा सेंटरला न्यायचं, नाहीतर थेरपिस्टकडून आपण शिकून घरी काम करायचं. माझा मुलगा 9 वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो मोजकंच. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

त्याआधी एक गोष्ट. वागणं अचानक बिघडलं असेल तर पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे. दाढ, कान, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, सगळं तपासून घ्या. ‘दुखतंय’ म्हणता न येणारं मूल कधीकधी डोकं आपटून ते सांगत असतं.

आम्ही सेंटरपासून सुरुवात केली. संध्याकाळी धायरीहून कोथरूडला जायचं, सिंहगड रोडवर रिक्षा अडकायची आणि सेशन सुरू व्हायच्या आधीच पोरगं थकलेलं असायचं. पालकांना आत घेत नसत. सहा महिने मी बाहेरच्या बाकावर बसून काढले. काय केलं विचारलं की ‘आज छान होता’ एवढंच उत्तर. तिथे तो शांत बसायचा, घरी अभ्यासाला बसवलं की पुन्हा हात तोंडात.

पण सेंटरचं एक देणं मी विसरणार नाही. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आमचं घर हादरायचं. ऑक्युपेशनल थेरपीच्या (ओटी) ताईंनी त्याला झोक्यावर बसवून आवाज अडवणारे हेडफोन घालायची सवय लावली. आधी पाच सेकंद, मग दहा. घरी मी ते घालायला गेले होते तेव्हा त्यानं भिरकावून दिले होते. झोका, मोठे बॉल, तो सराव असलेला हात, हे घरी कुठून आणणार?

घरचं काम दुसऱ्या थेरपिस्टनं शिकवलं. पहिल्याच दिवशी तीन रकाने आखायला सांगितले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. कुकरच्या शिट्टीनं तो बिथरतो अशी आमची खात्री होती. आठवड्याच्या सहा नोंदींत कुकर एकदाच निघाला. उरलेल्या पाचही वेळा समोर अभ्यासाची वही होती, आणि शेवटच्या रकान्यात पाचही वेळा तेच: ‘वही उचलून ठेवली, आजीनं बिस्किट दिलं.’ हात चावला की अभ्यास सुटतो, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. ते वाचून मी खूप रडले.

मग पंजाचं चित्र काढून ‘थांबूया’चं कार्ड केलं. त्यानं ते दाखवलं की त्याच क्षणी दोन मिनिटं सुट्टी. चार ओळींऐवजी एकच ओळ लिहायची. पहिले दहा दिवस चावणं वाढलं. जुना मार्ग बंद झाला की मूल आधी जोर लावून बघतं, याची कल्पना थेरपिस्टनं दिली होती म्हणूनच आम्ही टिकलो. सासूबाईंनी बिस्किटाचा डबा स्वतःहून वर ठेवला. घरातल्या एकानंही जुनं चालू ठेवलं असतं तर जमलं नसतं.

घरच्या वाटेचा भार मात्र बहुतेकदा आईवर पडतो. रात्रीची झोप नसेल, मदतीला कुणी नसेल तर ही वाट एकटीनं धरू नका.

आणि जखम होईपर्यंत डोकं आपटत असेल तर ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला ऐकू नका. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हवेत. रिस्पेरिडोनसारखं औषध तीव्र चिडचिड कमी करू शकतं, पण वजन वाढवतं आणि नवं काही शिकवत नाही, त्यामुळे थेरपी सोबत लागतेच.

पैशांचं म्हणाल तर पुण्यात ससून रुग्णालयातून अपंगत्व प्रमाणपत्राचं काम मार्गी लावा. त्यावर ‘निरामय’ योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत त्यात बसतो.

माझं मत: त्रास मुख्यतः घरात होत असेल तर घरापासून सुरुवात करा, महिन्यातून दोनदा थेरपिस्टला नोंदी दाखवा. आवाज, स्पर्श यांचा त्रास असेल किंवा बोलणं अजिबात नसेल, तर सेंटर हवंच. स्पेशल एज्युकेटरची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघून घ्या. आणि फोनवर फी विचारायच्या आधी विचारा, ‘सेशनला मला आत बसू द्याल का?’ नाही म्हणाले तर दुसरं सेंटर बघा.