पत्रक स्वतः करायचंय? कॅनव्हा, कोरल की गिम्प

आपल्याकडच्या छापखान्यात ऑपरेटरच्या स्क्रीनवर बहुधा कोरलड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअरच उघडं असतं. मग दुकानाचं, बचत गटाचं किंवा सप्ताहाचं पत्रक घरीच करू म्हणणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘कोरल शिकून घे भाऊ’ हाच. माझं मत उलटं आहे. वर्षातून दोन-चार पत्रकं करणाऱ्याने कोरलच्या वाटेला जाऊ नये. ते काम छापखानेवाल्याचं.

कोरल वाईट नाही. 1989 पासून चालत आलंय आणि पॉवरक्लिपमध्ये फोटो हव्या त्या आकारात बसवावा तर त्यातच. पण परवाना महाग, आणि कुणी पेनड्राइव्हवर देतो ती क्रॅक कॉपी घेतलीत तर सोबत व्हायरसही घरी येईल. दुसरी अडचण मराठीची. बऱ्याच छापखान्यांचं काम अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांवर चालतं. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला युनिकोड (मोबाईलवर टाइप होतो तो) मजकूर त्या फॉन्टात टाकला की एकही अक्षर लागत नाही. कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि तिथे एखादा रफार हमखास निसटतो. शेवटी मजकूर ‘कर्व्ह’ केला की तो नुसता आकार उरतो, मग फोन नंबरातला एक आकडा बदलायलाही मूळ फाइल शोधा.

कॅनव्हा हे ऑनलाइन डिझाइनचं अ‍ॅप 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालं. मोबाईलवरही चालतं आणि पत्रकापुरतं फुकट खातं पुरतं. मराठी थेट गुगल कीबोर्डने टाइप करा. फक्त फॉन्ट निवडताना त्यात देवनागरी आहे ना ते बघा, नाहीतर इंग्रजी अक्षरं ऐटदार आणि मराठी भलत्याच वळणाची दिसते. छापायला देताना ‘पीडीएफ प्रिंट’ निवडून क्रॉप मार्क (कागद कुठे कापायचा त्या खुणा) आणि ब्लीडवर (कडेबाहेर सोडलेला जादा रंग) टिक करा. फोटोची पार्श्वभूमी आपोआप काढणं आणि सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत फाइल देणं मात्र पैशाच्या खात्यातच मिळतं. पहिल्यावाचून अडत नाही. दुसऱ्याचं एवढंच, की स्क्रीनवर झळकणारा पोपटी आणि भडक केशरी कागदावर मंद उतरतो. केळीच्या रोपांची जाहिरात असेल तर हिरवा सुरुवातीपासूनच जरा गडद घ्या.

गिम्प फुकट आहे, 1996 पासून आहे, पण ते फोटोवर काम करण्यासाठी. त्यात अख्खं पत्रक रचणं म्हणजे उगाच डोकेफोड. फोटो उजळणं, नको ते पुसणं, नेमकं कापणं एवढ्यासाठी ठेवा. गिम्प उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी आहे, जाहिराती सोसाव्या लागतात इतकंच. फोटोशॉप आधीपासून असलेल्यांनी टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू आहे का ते बघावं. तो बंद असला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. वर्डमध्ये पत्रक करणारेही आहेत. साध्या एकरंगी पत्रकाला चालेल. मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशरवर अडकलेल्यांनी मात्र आता हलावं, त्याला कंपनीचा सपोर्ट फक्त ऑक्टोबर 2026 पर्यंतच.

पण पत्रक बिघडतं ते बहुतेकदा फोटो कापण्यात, सॉफ्टवेअरमुळे नव्हे.

समजा, भरीत आणि कळण्याच्या पुरीच्या ऑर्डर घेणाऱ्या गटाचं पत्रक आहे. फोटोत ताट मधोमध, वर ट्यूबलाइट, खाली कुणाची तरी चप्पल. बिनधास्त जवळून कापा. ताटाची कड एका बाजूने कापली गेली तरी हरकत नाही, भरिताचा तवंग आणि हिरव्या मिरचीचा तुकडा दिसला पाहिजे. फक्त कापलं की पिक्सेल कमी होतात हा हिशेब डोक्यात ठेवा. 4000 बाय 3000 चा फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा केला तर 2000 बाय 1500 उरतो. छपाईच्या 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) तो साधारण 17 बाय 12.7 सेंटिमीटर येतो. A5 पत्रक 148 बाय 210 मिलिमीटरचं असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पान भरलं. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून लहान होऊन 1600 बाय 1200 चा आला असेल, तर तितकाच कापल्यावर 7 बाय 5 सेंटिमीटरही धड भरत नाही. म्हणून फोटो पाठवणाऱ्याला ‘डॉक्युमेंट म्हणून टाक’ असं बजावून सांगा.

सप्ताहाच्या किंवा उद्घाटनाच्या पत्रकात खरी कसोटी मान्यवरांच्या गोल फोटोंची. एकाचं डोकं मोठं, दुसऱ्याचं लहान झालं की गावात त्याचे अर्थ निघतात. सगळे फोटो आधी 1:1 म्हणजे चौरस प्रमाण पक्कं करून कापा, डोळे एका रेषेत, कपाळावर सारखी जागा. कॅनव्हात गोल फ्रेममध्ये फोटो ओढून टाकला आणि त्यावर दोनदा टिचकी मारली की आतला चेहरा सरकवता येतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही. या एका कामासाठी मी कॅनव्हाला गिम्पच्या पुढे ठेवतो. वर्डमध्ये उलटी गंमत: कापलेला भाग दिसत नाही, पण फाइलमध्ये तसाच राहतो. आधार कार्डावरून चेहरा कापून घेतला असेल तर ती वर्ड फाइल पुढे पाठवण्याआधी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधून कापलेला भाग कायमचा काढा.

पत्रक फक्त ग्रुपवर फिरवायचं असेल तर कॅनव्हातून पीएनजी काढा, विषय संपला. छापायचं असेल तर आधी छापखान्यात विचारा की पीडीएफ चालेल का. चालत असेल तर चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड सोडून द्या. ‘कोरलमध्येच पाहिजे’ असं उत्तर आलं, तर डिझाइनच्या फंदात पडू नका. मजकूर आणि नीट कापलेले मूळ आकाराचे फोटो नेऊन द्या आणि छपाईची प्लेट काढण्याआधी एक प्रिंट हातात मागा. त्यावरच्या नंबरवर तिथूनच फोन लावून बघा.