कानपुरी चामड्याचं खोगीर: कोल्हापूरचा एक पावसाळा काढल्यानंतर

उन्हाळा संपता संपता घेतलेलं खोगीर आता दिवाळीपर्यंत आलंय, म्हणून सविस्तर लिहितो. कानपुरी बनावट, जनरल पर्पज म्हणजे सर्व तऱ्हेच्या स्वारीला चालणारा प्रकार, रिकिबींसकट (पाय ठेवायच्या कड्या) सात-आठ किलो भरतं. आमची घोडी मारवाडी रक्ताची आहे. पाठ अरुंद आणि खांद्यामागचा उंचवटा चांगलाच वर आलेला. करवीर तालुक्यात शेतावरच ठेवलीय. रोजची फेरी उसातल्या गाडीवाटेनं पंचगंगेकडे.

खोगीर चांगलं आहे. बैठक खोल, सांगाडा सरळ, शिलाई बहुतेक ठिकाणी दाट. घेताना नमदा (खोगिराखाली घालायचं जाड कापड) न घालता ते नुसत्या पाठीवर ठेवून मागून पाहिलं, तेव्हा मधल्या पोकळीतून आरपार उजेड दिसत होता. हे प्रत्येकानं दुकानात पैसे देण्याआधी घोड्यावर ठेवून बघावं. नुसत्या मापाच्या आकड्यावर जाऊ नये. स्वार बसल्यावरही पुढच्या कमानीखाली दोन-तीन बोटं जायला हवीत. नवं होतं तेव्हा तीन सहज जायची, आता जेमतेम दोन जातात. खालच्या गाद्यांतली लोकर वापरानं दबते, तो काही बनावटीचा दोष नाही. पण ती पुन्हा भरून घ्यायचा खर्च धरूनच खोगीर घ्या. वरून आणखी एक नमदा टाकून भागवता येत नाही. सांगाडाच अरुंद असेल तर जाड नमद्यानं तो उलट जास्त रुततो.

दाब कुठे पडतोय ते घामावरून कळतं. खोगीर उतरवल्यावर दोन्ही बाजूंना सारखी ओल आणि कण्यावर कोरडी पट्टी असेल तर ठीक. ओलीच्या मधोमध कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. पुढे तिथेच पांढरे केस येतात. अर्थात जुलैत ही परीक्षा विसरा, घोडी नखशिखांत भिजलेली असते.

आता तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा. सोबत आलेल्या तंगाचे बक्कल पहिल्या मुसळधार आठवड्यातच गंजले आणि एका टोकाचं इलॅस्टिक सैल पडलं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, चामडं पावसात वापरायचं नसतं. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर चामडं वापरायचं नाही म्हटलं तर पायातलं पायताणही खुंटीला टांगावं लागेल. शेवटी तंग नवा घेतला, आणि खोगिराला तंग अडकतो त्या पट्ट्यांची उसवू लागलेली शिलाई चप्पल लाइनीतल्या (कोल्हापुरातली चपलांच्या दुकानांची गल्ली) एका कारागिराकडून जाड मेणदोऱ्यानं दुहेरी करून घेतली. काम कंपनीपेक्षा सरस झालं. पट्टे तीन असतात. पहिला वेगळ्या नवारीवर (विणलेली मजबूत पट्टी) आणि उरलेले दोन एकाच नवारीवर शिवलेले असतात, म्हणून बक्कल पहिल्याला आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्याला लावायचं. एक नवार तुटली तरी खोगीर दुसरीवर टिकतं.

तंग एका दमात आवळू नका. आमची घोडी पट्टा ओढला की छाती फुगवून उभी राहते. घोडीची देखभाल करणारे मोतद्दार मामा तिला चांगलं ओळखतात. "वारा भरलाय तिनं. एक चक्कर फिरवून आणा, मग आवळा," म्हणतात, आणि दरवेळी दोन भोकं वर जातात. आधी खरारा मारून उसाचा पाला, खडे, चिखल सगळं काढायचं. नमदा थोडा पुढे ठेवून केसांच्या दिशेनं मागे सरकवायचा, म्हणजे खाली केस उलटे दबत नाहीत. खोगीर ठेवलं की नमद्याची पुढची कड कमानीत वर ओढून घ्यायची. तंग कोपरामागे चार बोटांवर. आवळून झाल्यावर पुढचे पाय एकेक करून पुढे ओढायचे, म्हणजे तंगाखाली कातडीची घडी राहत नाही. चढण्याआधी एकदा आणि दहा मिनिटं चालवून पुन्हा एकदा तपासायचा. ही दुसरी तपासणी पुष्कळजण टाळतात, आणि उतरता-चढताना खोगीर पोटाखाली फिरतं ते त्यामुळेच.

चढेपर्यंत रिकिबी वर सरकवलेल्याच राहू द्या. लोंबत्या रिकिबी दाराच्या कडीत अडकतात. रिकिबीचा पट्टा ज्या दांडीवर असतो तिची खिटी मी उघडीच ठेवतो. पडलोच तर पट्टा निसटून येतो. रिकीब बुटापेक्षा इंचभर रुंद हवी, आणि बूट टाचेचाच. कोल्हापुरी घालून गावातनं रुबाबात फेरी मारणारे दिसतात खरे, पण पाय रिकिबीतून आरपार गेला तर घोडं फरफटत नेतं.

पावसाळ्यात बुरशी आठवड्याला यायची. ओल्या फडक्यानं पुसून ग्लिसरीनचा साबण लावायचा आणि सावलीत वारा लागेल असं ठेवायचं. चुलीशेजारी किंवा उन्हात वाळवलं तर चामडं तडकतं. तेल बेतानंच, फार मुरलं की पट्टे ताणतात.

एकूण पाचात चार. एक गुण तंगाचा कापला. घेणार असाल तर विक्रेत्याला तंग वगळून भाव विचारा आणि स्टेनलेस बक्कलांचा तंग वेगळा घ्या.